विकास आराखड्यावर हरकत: नुसतं ‘आम्हाला नको’ लिहून भागत नाही

भाऊ, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या तुमच्या तालुक्याच्या गावात ग्रामपंचायत जाऊन नगरपंचायत आली आणि आता तिचा प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध झाला. गावठाणाला लागून वडिलांची अडीच एकर जमीन आहे. तिच्या निम्म्यावर बगिच्याचं आरक्षण पडलं आणि उरलेल्यातून बारा मीटरचा रस्ता तिरपा गेला. पलीकडच्या बेघर वस्तीत लोक दोन पिढ्यांपासून राहतात, पण नकाशावर तिथं नुसती मोकळी हिरवी जागा दाखवली आहे. हरकतीला तीस दिवस आहेत आणि गावात जो तो म्हणतो की सगळं वरून ठरूनच आलंय, अर्ज देऊन काही होत नाही. मग हरकत द्यावी का, आणि दिली तर कशी लिहावी?

द्यावी. मी आधी बरीच वर्षं आराखडे तयार करणाऱ्यांच्या बाजूला होतो आणि आता यवतमाळ, वाशिम, अमरावतीकडच्या लोकांना हरकती मांडायला मदत करतो. त्यामुळं सुनावणी टेबलाच्या दोन्ही बाजूंनी पाहिली आहे. आराखडा बदलतो. आरक्षणं सरकतात, रस्त्याची आखणी बदलते, चुकीचा रंग दुरुस्त होतो. मात्र ‘आमच्या जमिनीवरचं आरक्षण रद्द करावे ही विनंती’ एवढ्या एका वाक्याच्या हरकती ढिगानं येतात आणि ढिगानंच फेटाळल्या जातात. गावातले लोक सांगतात तो अनुभव बहुतेक अशाच अर्जांचा असतो.

तुम्ही विचारलंय हरकत कशी लिहावी. खरी अडचण त्याच्या आधीची आहे. आराखडा करणाऱ्याच्या हातात तुमच्या गावाचं जे चित्र असतं, ते उपग्रहाच्या छायाचित्रावरून, भूमी अभिलेखच्या नकाशांवरून आणि थोड्या दिवसांच्या पाहणीवरून बनलेलं असतं. पाहणी उन्हाळ्यात झाली असेल तर नाला कोरडा दिसतो. शेतातली विहीर झाडाखाली असेल तर ती छायाचित्रात येत नाही. पांदण रस्त्यावर दोन्ही बाजूंनी बाभळी वाढल्या असतील तर तो रस्ताच दिसत नाही. या चित्रात जे नाही ते नियोजनातही येत नाही. गावाला काय माहीत आहे हे आराखड्यात आणायची कायद्यानं दिलेली मुख्य संधी म्हणजे हे तीस दिवस.

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ मध्ये क्रम ठरलेला आहे. कलम २३ खाली आराखडा करण्याचा इरादा जाहीर होतो. कलम २५ खाली अस्तित्वातील जमीन वापराचा नकाशा बनतो. कलम २६ खाली प्रारूप प्रसिद्ध होऊन हरकती मागवल्या जातात. कलम २८ खाली नियोजन समिती सुनावणी घेते, आणि शेवटी कलम ३१ खाली शासन मंजुरी देतं. म्हणजे नगरपंचायतीच्या भिंतीवर दोन नकाशे असतात, एक सध्याच्या वापराचा आणि एक प्रस्तावित. सगळी गर्दी दुसऱ्यासमोर होते. तुम्ही पहिल्यासमोर आधी उभे राहा. प्रस्तावित नकाशातल्या निम्म्या चुका तिथून आलेल्या असतात, आणि समितीला ‘तुमचा प्रस्ताव अन्यायाचा आहे’ यापेक्षा ‘तुमची पाहणी इथं चुकली आहे’ हे मान्य करणं कितीतरी सोपं जातं.

नकाशा एकट्यानं पाहू नका. ज्यानं सगळा शिवार पायी तुडवला आहे असा माणूस सोबत न्या, म्हातारा कोतवाल असेल तर फारच उत्तम. शेत सर्व्हे नंबर बारीक अक्षरात असतात, त्यामुळं आधी ओळखीच्या खुणा शोधा: नाल्याचं वळण, मारुतीचं देऊळ, जिल्हा परिषदेची शाळा. तिथून बोटानं आपल्या धुऱ्यापर्यंत या. नकाशाची प्रत शुल्क भरून मिळते, ती घ्या. मग ती प्रत हातात धरून प्रत्यक्ष जागेवर फिरा. कागदावरची प्रत्येक रेघ जमिनीवर कुठं येते, ती कोणाच्या विहिरीवरून, कोणाच्या गोठ्यातून जाते, हे जागेवर लिहून काढा. या एका कामानं हरकतीचं वजन बदलतं.

आता तुमचं शेत. बगिचा तुमच्याच शेतावर का आला? बहुतेक वेळा यात कोणाचं वैर नसतं. वीस वर्षांनंतरची लोकसंख्या धरून नियोजनकार हिशेब करतो की इतकी शाळेची जागा, इतकं मैदान, इतकी बाग लागेल. मग गावठाणाजवळ मोकळी, सपाट, एकाच मालकाची जमीन शोधतो. तुमची अडीच एकर नेमकी तशी आहे. त्यामुळं नुसतं ‘नको’ म्हटलं की त्याच्या हिशेबात खड्डा पडतो, आणि तो खड्डा भरायचं काम समितीवर येतं. समिती ते टाळते आणि आरक्षण आहे तिथंच राहतं. म्हणून हरकतीत तीन गोष्टी यायला हव्यात. वडिलांच्या नावावर एकूण किती जमीन आहे ते ८-अ च्या खातेउताऱ्यावरून दाखवा. ही अडीच एकरच सर्वस्व असेल आणि निम्मी गेल्यावर घर भूमिहीन होत असेल, तर ते आकड्यानं दिसलं पाहिजे. दुसरं, जमिनीवर आज काय आहे ते मांडा: विहीर, ओलीत, पाइपलाइन, झाडं. सातबाऱ्यावर विहिरीची नोंद नसेल तर ती करून घेण्याचा अर्ज तलाठ्याकडं आजच द्या. तिसरं आणि सर्वांत महत्त्वाचं, बगिचा दुसरीकडं कुठं बसू शकतो ते सर्व्हे नंबरसह सांगा. शासकीय जागा असेल तर ती दाखवा. नसेल तर एकाच शेतकऱ्याचं अर्धं शेत घेण्याऐवजी लगतच्या तीन-चार धारकांच्या कडेनं पट्टा घेता येतो का ते सुचवा. पण त्यासाठी त्या शेजाऱ्यांशी आधी बोला. स्वतःचं ओझं न विचारता दुसऱ्याच्या धुऱ्यावर ढकललेल्या हरकती मी पाहिल्या आहेत. सुनावणीच्या दिवशी तिथंच भांडण जुंपतं आणि समिती दोघांचंही ऐकणं बंद करते.

रस्त्याचं प्रकरण तुलनेनं सोपं आहे, कारण त्यात तांत्रिक बाजू तुमच्याकडं आहे. तिरपा रस्ता शेताचे दोन त्रिकोण करतो. टोकांना वखर वळत नाही आणि पुढं तिथं भूखंड पाडायचे म्हटले तरी तिरके तुकडे कोणी घेत नाही. जवळून जुना पांदण रस्ता जात असेल तर तोच रुंद करून हा जोडरस्ता होतो का ते पाहा. गाव नकाशावर पांदण तुटक रेषांनी दाखवलेली असते, त्या नकाशाची प्रत लावा. प्रस्तावित रस्ता नाला ओलांडत असेल तर पुलाचा खर्च नगरपंचायतीच्या माथी येणार हे लिहा, आणि पावसाळ्यात नाल्याचं पाणी कुठवर चढतं त्याचे फोटो जोडा. काळ्या जमिनीत बांधलेला रस्ता आणि मूळचीच पायवाट दबून घट्ट झालेला रस्ता यांतला फरक अभियंत्याला समजावून सांगावा लागत नाही.

काही गोष्टी मात्र इथं बसून मला सांगता येणार नाहीत, त्या तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत. नगरपंचायतीत निवडून आलेली सभा आहे की प्रशासक, यावर स्थानिक बाजू कोण मांडणार ते ठरतं. उरलेली जमीन निवासी विभागात आली आहे की शेती विभागात, हेही पाहा. निवासी आली असेल तर तिची किंमत वाढते, आणि मग संपूर्ण आराखड्यालाच विरोध करण्यात तुमचं नुकसान होऊ शकतं. घरात बसून आधी ठरवा की वीस वर्षांनी ही जमीन कसायची आहे की तिथं घरं बांधायची आहेत. भावाभावांत यावर एकमत नसेल तर हरकतीत ते लगेच दिसतं.

आरक्षण राहिलंच तर काय होतं, हेही माहीत असू द्या. आरक्षण पडलं म्हणजे उद्या जमीन गेली असं होत नाही. जमीन तुमचीच राहते आणि पीक घेता येतं. पण तिथं बांधकामाची परवानगी मिळत नाही आणि विकायला काढली तर भाव पडतो. जमीन घ्यायची तर नगरपंचायतीला वाटाघाटीनं घ्यावी लागते, किंवा २०१३ च्या भूसंपादन कायद्याचा मोबदला द्यावा लागतो, नाहीतर विकास हक्क, म्हणजे टीडीआर, देऊ करावा लागतो. हा दुसऱ्या जागेवर जादा बांधकाम करण्याचा हक्क असतो, तो विकून पैसे करायचे. टीडीआर नागपूर-पुण्यात विकला जातो. तालुक्याच्या गावात, जिथं दुमजली घरं मोजकी, तिथं तो घेणार कोण? त्यामुळं टीडीआर हाच मोबदला म्हणून पुढं आला तर सही करण्याआधी दहादा विचार करा. अंतिम आराखडा अमलात आल्यावर दहा वर्षांत जमीन घेतली नाही, तर कलम १२७ खाली तुम्हाला नोटीस देता येते. नोटिशीनंतर चोवीस महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे उठतं. म्हणजे एका माणसाची बारा वर्षं अडकतात. म्हणूनच आत्ताचे तीस दिवस महत्त्वाचे आहेत.

आता बेघर वस्ती. तुम्ही ती प्रश्नाच्या शेवटी लिहिली. मला विचाराल तर ती आधी घ्यायला हवी होती. तुमच्याकडं सातबारा आहे, नकाशावर तुमचा नंबर आहे, हरकत फेटाळली गेली तरी तुम्ही कायद्याच्या नजरेत मालक आहात. त्या वस्तीचं नाव कुठल्याच कागदावर नाही. वऱ्हाडात अशा वस्त्या बहुतेक ई-क्लास, म्हणजे सरकारी पडीक-चराईच्या, जमिनीवर असतात. महसुलाच्या नोंदीत ती जागा सरकारी आणि रिकामी असते. नियोजनकार ती नोंद बघतो आणि बगिचा, मैदान नाहीतर भाजी मंडई तिथं टाकतो. खाजगी मालक नाही, मोबदला नाही, विरोध नाही, सगळ्यात सोयीची जागा! अशाच एका गावात नकाशासमोर एका बाईनं मला विचारलं होतं, “भाऊ, यात माहं घर कुठी हाये?” नकाशावर तिच्या घराच्या जागी क्रीडांगणाचा हिरवा चौकोन होता.

या लोकांना वाटतं की आपल्याकडं जमिनीचा कागद नाही, म्हणून हरकत देता येत नाही. हा गैरसमज गावभर पसरलेला असतो आणि तो मोडणं हे तुमच्यासारख्या शिकलेल्या पोराचं काम आहे. कायदा हरकती आणि सूचना जनतेकडून मागवतो, फक्त मालकाकडून नाही. भाडेकरू, मजूर, पाल टाकून राहणारा, कोणीही देऊ शकतो. मालकीचा कागद नसला तरी राहण्याचे कागद असतात: ग्रामपंचायतीच्या काळातला घराचा नमुना ८ चा उतारा, घरटॅक्सच्या जुन्या पावत्या, महावितरणची बिलं, मतदार यादी, मुलांचे शाळेचे दाखले. त्याहून बोलका पुरावा म्हणजे सरकारनंच तिथं केलेला खर्च. वस्तीत अंगणवाडी असेल, हातपंप असेल, सिमेंटचा रस्ता झाला असेल, तर ज्या जागेला सरकार रिकामी म्हणतं तिथं सरकारनंच लोकवस्ती मानून पैसे घातले आहेत. प्रत्येक सोय कोणत्या वर्षी झाली ते ग्रामपंचायतीच्या जुन्या दप्तरातून काढा.

मागणीचे शब्दही नेमके ठेवा. ‘आमची घरं पाडू नका’ एवढंच लिहिलं तर उत्तर येतं की आज कोणी पाडत नाही. मागणी अशी हवी: अस्तित्वातील जमीन वापराच्या नकाशात ही जागा निवासी दाखवावी, प्रस्तावित नकाशातलं आरक्षण वगळावं आणि जागा निवासी विभागात घ्यावी किंवा दुर्बल घटकांच्या घरांसाठी ठेवावी. याचं कारण घरकुलात आहे. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात सपाट प्रदेशात एक लाख वीस हजार रुपये मिळतात. नगरपंचायत झाली की गाव शहरी योजनेत जातं, आणि तिथं स्वतः घर बांधणाऱ्याला केंद्र आणि राज्य मिळून अडीच लाख मिळतात. पण दोन्हीकडं पायाखालची जागा नावावर लागते. १ जानेवारी २०११ पूर्वीची शासकीय जमिनीवरची निवासी अतिक्रमणं नियमानुकूल करण्याचं शासनाचं धोरण आहे. मात्र ज्या जागेवर आराखड्यात बगिचा रंगवला आहे, तिथला प्रस्ताव त्या एका रंगामुळं अडून बसतो. आज नकाशावर पडलेला हिरवा रंग म्हणजे उद्या पट्टा नाही आणि पट्टा नाही म्हणजे घरकुल नाही.

इथंही एक खबरदारी. जागेची मूळ नोंद काय आहे ते तलाठ्याकडून आधी काढा. गायरान असेल तर सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०११ च्या जगपाल सिंग निकालानंतर आणि राज्याच्या १२ जुलै २०११ च्या शासन निर्णयानंतर अतिक्रमण नियमानुकूल होण्याची वाट बरीच अरुंद झाली आहे. तुमच्या यवतमाळात झुडपी जंगलाचा, म्हणजे महसुली कागदावर ‘झुडपी जंगल’ अशी नोंद असलेल्या जमिनीचा, प्रश्न येत नाही. पण नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या सहा जिल्ह्यांत कोणी हे वाचत असेल, तर झुडपीची नोंद तपासल्याशिवाय पुढं जाऊ नये. २२ मे २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं झुडपी जमिनी वनच मानल्या आहेत आणि १२ डिसेंबर १९९६ पूर्वीच्या वाटपांसाठी वेगळी प्रक्रिया सांगितली आहे. अशा जागी वस्तीला खोटी आशा दाखवणं वाईट. तिथं पर्यायी जागेची मागणी सोबतच लिहावी.

लिहिण्याबद्दल थोडं. प्रत्येक घराचा अर्ज वेगळा द्या, पण एकाच अर्जाच्या झेरॉक्सवर सह्या घेऊ नका. तीनशे सारखे अर्ज समितीपुढं एकच विषय म्हणून येतात आणि एका ओळीत निकाली निघतात. प्रत्येक अर्जात त्या घराची स्वतःची माहिती हवी. मागणी पहिल्या दोन ओळींत, सर्व्हे नंबर त्याच्याच वर, कारणं खाली, कागद मागं जोडलेले. शक्यतो एका पानात बसवा. आवक नोंद करून पोच घ्या, शिक्का आणि क्रमांक दिसेल असा. तोंडी ‘घेतो, ठेवा इथं’ यावर परत येऊ नका.

सुनावणीत एका अर्जाला फार वेळ मिळत नाही. समितीत नगरपंचायतीचे काही सदस्य आणि नगररचना संचालकांनी नेमलेले जाणकार असतात. त्यांच्यापुढं यादी मोठी असते आणि दुपारनंतर सगळेच थकलेले असतात. वडिलांना सोबत न्या, पण काय बोलायचं ते घरी ठरवून जा. आरक्षणामुळं रात्री झोप लागत नाही हे खरं असलं तरी तिथं पहिलं वाक्य पर्यायी जागेचं असू द्या, आणि ती जागा रंगवून दाखवलेला नकाशा समितीच्या हातात द्या. वस्तीतल्या बायांनी स्वतः बोललं पाहिजे. घर कधी बांधलं, पाणी कुठून भरतात, हे त्यांच्याइतकं नेमकं कोणीच सांगत नाही. सुनावणी कापूस वेचणीच्या दिवसांत ठेवली असेल तर वस्तीतला माणूस मजुरी बुडवून येणार नाही. तारीख कळताच मुख्याधिकाऱ्यांना लेखी देऊन वस्तीसाठी सकाळची वेळ किंवा वेगळा दिवस मागा. कधी मिळतो, कधी नाही, पण मागितल्याचा कागद फाइलला लागतो.

ज्यांच्या गावात अजून ग्रामपंचायतच आहे, त्यांच्यासाठी वाट वेगळी आहे. तिथं घरांचा प्रश्न गावठाण विस्तार आणि घरकुलाच्या यादीतून सुटतो, आणि दोन्हीची जागा ग्रामसभा आहे. ग्रामसभेची गणपूर्ती एकूण मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यांपैकी जे कमी असेल ते. पहिली सभा गणपूर्तीअभावी तहकूब होते आणि तहकूब सभेला ती अट उरत नाही. मग पाच-सात जणांत कागदावर वाट्टेल ते मंजूर होतं. म्हणून पहिल्याच सभेला माणसं न्या. गावठाणाच्या हद्दीपासून दोनशे मीटरच्या आतल्या जमिनीसाठी महसूल संहितेच्या कलम ४२-ड मध्ये अकृषिक वापराची सोय आहे. तिचा फायदा ज्याची जमीन आहे त्यालाच होतो. भूमिहीनासाठी मागणी शासकीय जागेचीच करावी लागते.

सुनावणीनंतर गप्प बसू नका. समितीचा अहवाल, त्यावर नगरपंचायतीनं केलेले बदल आणि शासनाकडं गेलेला नकाशा, या तिन्हींच्या प्रती मागा, गरज पडल्यास माहितीच्या अधिकारात. कधी कधी समिती हरकत मान्य करते आणि पुढच्या टप्प्यावर ती परत उलटते. शासनानं मोठा बदल सुचवला तर तो पुन्हा हरकतीसाठी प्रसिद्ध करावा लागतो. ती जाहिरात राजपत्रात आणि स्थानिक वर्तमानपत्रात येते आणि गावात ती कोणी वाचत नाही. दोघातिघांनी ती नजर ठेवायचं काम वाटून घ्या.

कोर्टात जायचं का, हे तुम्ही विचारलं नाही, पण सुनावणीच्या दिवशी कोणीतरी ते सुचवेलच. आत्ता नको. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गेलात तर पहिला प्रश्न हाच येईल की मुदतीत हरकत दिली होती का आणि तिच्यावर सुनावणी झाली का. तीस दिवस राजपत्रात नोटीस आल्याच्या तारखेपासून मोजतात, नगरपंचायतीच्या फलकावर ती कधी लागली त्यावरून नाही. तेव्हा उद्या सकाळी कार्यालयात जाऊन राजपत्राची तारीख लिहून घ्या आणि नकाशांच्या प्रतींसाठी पैसे भरा. दुपारी वस्तीत जाऊन घरटॅक्सच्या पावत्या गोळा करायला सुरुवात करा. वडिलांचा अर्ज दोन दिवसांत होईल. वस्तीच्या कागदांना मात्र वेळ लागतो, कारण निम्मे कागद छपराच्या वळचणीत खोचलेले असतात आणि उरलेले ग्रामपंचायतीच्या जुन्या कपाटातून शोधावे लागतात.